एका पोस्टकार्डावरचा संसार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवी माणूस म्हटला की त्यानं पावसावर बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही आज पावसावरच बोलणार आहे, पण जरा जमिनीच्या बाजूनं. पाणी आणि डांबर जिथं एकमेकांना भेटतात आणि त्यांच्या मधोमध आपल्या मोटारसायकलचं चाक येतं, त्या जागेबद्दल. थोडक्यात टायरबद्दल. जुना टायर झिजला आहे, नवा घ्यायचा आहे. तो कधी घ्यावा, कुठला घ्यावा आणि घेताना काय बघावं, एवढाच विषय.

विषय साधा वाटेल. पण २०२२ या वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सरकारी आकडे आहेत. सगळे अपघात टायरमुळे होत नाहीत, हे उघड आहे. वेग असतो, खड्डे असतात, समोरून येणारा असतो, डोक्यावर नसलेलं हेल्मेट असतं. पण या यादीतल्या फार थोड्या गोष्टी आपल्या हातात असतात. समोरून येणारा कोण असेल हे आपण ठरवू शकत नाही. आपल्या चाकावर टायर कुठला असेल, हे ठरवू शकतो.

आता एक छोटं गणित करू. घाबरू नका, मी बी.ए. झालेला माणूस आहे, मला जमतं तेवढंच सांगतो. शंभर सीसीची साधी गाडी, तिच्यावर नवरा-बायको, बाजाराची पिशवी. सगळं मिळून अडीचशे किलो धरा. टायरमध्ये हवा असते तीसच्या आसपास. ही हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो वजन पेलते. अडीचशेला दोननं भागा. उत्तर आलं सव्वाशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही टायर मिळून रस्त्याला जेवढी जागा टेकतात, ती साधारण एका पोस्टकार्डाएवढी. पूर्वी आपण ज्यावर खुशाली कळवायचो, तेच पोस्टकार्ड. त्याचा अर्धा भाग पुढच्या चाकाखाली, अर्धा मागच्या. तुम्ही, तुमची बायको, टाकीवर बसवलेलं लेकरू, दुधाची किटली, हे सगळं त्या पोस्टकार्डावर उभं असतं. ब्रेक मारला तर ते पोस्टकार्ड थांबवतं, वळलात तर ते धरून ठेवतं. गाडीचं इंजिन कितीही भारी असू द्या, रस्त्याशी तिची ओळख तेवढीच.

या हवेच्या टायरची कल्पना तशी जुनी. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ साली तिचं पेटंट घेतलं, पण ती चालली नाही आणि लोक विसरून गेले. पुढं १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप यांनी ती पुन्हा शोधली. हे डनलॉप जनावरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडते, पोराला धक्के बसतात, म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बांधली. बापाच्या काळजीतून ही वस्तू वापरात आली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. आपल्याकडची एमआरएफ ही कंपनीसुद्धा १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे करता करता सुरू झाली. फुग्यापासून टायरपर्यंत गोष्ट एकच, रबरात नीट कोंडलेली हवा.

तर पहिला प्रश्न, टायर बदलायचा कधी? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. टायर पूर्ण गोटा झाला, आतले धागे डोकावू लागले, आठवड्याला दोन पंक्चर निघू लागले की मग. कायदा आणि शहाणपण दोन्ही सांगतात की त्याच्या बऱ्याच आधी. दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, असा मोटार वाहन नियम आहे. मिलिमीटर मोजायला कुणी पट्टी घेऊन बसत नाही, म्हणून कंपनीनंच सोय केलेली असते. टायरच्या नक्षीतल्या खाचांत नीट बघा, मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे दिसतील. बाजूच्या भिंतीवर तिथं बाण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. त्यानंतर तो जेवढा धावतो, तेवढं आपलं नशीब धावतं.

खाचांचं एवढं काय महत्त्व? कोरड्या डांबरावर फारसं नाही. पण ओल्या रस्त्यावर चाकाखालचं पाणी बाहेर काढायचं काम त्या खाचा करतात. खाच उरली नाही की पाणी तिथंच राहतं आणि रबर डांबराऐवजी पाण्यावर चढतं. मग हँडल वळतं, गाडी वळत नाही. त्यातून पहिल्या पावसाचे दिवस जास्त वाईट. वर्षभर सांडलेलं तेल आणि बसलेली धूळ पाण्यात मिसळून रस्ता साबणासारखा होतो. आमच्या मिरज-सांगलीकडे तर पाऊस नसतानाही हा अनुभव येतो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून बाहेर येतात आणि आपल्या चाकांचा चिखल डांबरावर पसरत कारखान्याकडे जातात. सकाळी दव पडलं की त्या वळणावरून दुचाकी नेणं म्हणजे कसोटीच.

झिजण्याखेरीज टायर म्हाताराही होतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसते, पण रबराची पकड गेलेली असते. दिवाळीला आणि लग्नालाच बाहेर निघणाऱ्या गाडीचा हा धोका मोठा. पाच वर्षं झालेला टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षं झालेला असेल तर तो कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा.

दुसरा प्रश्न, पुढचा की मागचा? मागचा टायर आधी झिजतो, कारण ओढ आणि ओझं त्याच्यावर. म्हणून आपण मागचा बदलतो, आणि पुढचा वर्षानुवर्षं तसाच चालवतो. काही जण तर मागचा काढलेला जुना टायर पुढं बसवायचा विचार करतात. आमच्या पेठेत एक गॅरेजवाले उस्ताद आहेत, ते असं कुणी म्हटलं की कामच थांबवतात. मला एकदा म्हणाले, "चाचा, मागचं चाक घसरलं तर माणसाला सावरायला जरा तरी वेळ मिळतो. पुढचं घसरलं की कळायच्या आत माणूस खाली असतो." बोलणं खरं आहे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं, आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. पुढचा आणि मागचा टायर घडवलेलेही वेगळे असतात. पुढच्याची नक्षी पाणी कापायला आणि दिशा धरायला, मागच्याची ओढायला. दोन्ही एकदम बदलायलाच हवेत असं नाही, पण दोघांची तब्येत एकमेकांना शोभेल अशी हवी. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर सांगतील, जोडीतला एक तंबोरा उतरलेला असेल तर दुसरा कितीही सुरात असून गायकाला उपयोग नाही.

आता दुकानात जाऊ. टायरच्या भिंतीवर एक मजकूर कोरलेला असतो, आणि तो आपण कधी वाचत नाही. कवितेच्या माणसाला त्यात वृत्ताची मजा आहे, मात्रा चुकली की सगळं बिघडतं. समजा लिहिलंय, १००/९०-१७ ५५ पी. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकावर हे असतं. यातले शंभर म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. नव्वद म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या नव्वद टक्के. सतरा म्हणजे रिमचा व्यास, इंचात. पंचावन्न ही ओझ्याची खूण, तिचा अर्थ तो टायर २१८ किलोपर्यंत भार घेतो. पी ही वेगाची खूण, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. साध्या गाड्यांवर पूर्वी २.७५-१८ असं असायचं, ते इंचातलं जुनं माप. तुमच्या गाडीला कुठलं माप हवं, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं, आणि बहुतेक वेळा गाडीवरच्या स्टिकरवरही. मापं जशीच्या तशी, ओझ्याची आणि वेगाची खूण तेवढीच किंवा त्याहून वरची. या नियमात राहिलात तर निवड निम्मी सोपी होते.

इथं तरुण मंडळी थांबवतात. माझा भाचाच मला म्हणाला, "मामू, मागं जरा रुंद टायर टाकूया. गाडी भरीव दिसते, आणि पकडही वाढते." दिसण्याबद्दल मी वाद घातला नाही. पकडीबद्दल मात्र त्याला पोस्टकार्डाचं गणित सांगितलं. वजन तेच, हवा तीच, तर रस्त्याला टेकणारी जागाही साधारण तेवढीच राहते. रुंद टायरमध्ये पोस्टकार्ड आडवं होतं, मोठं होत नाही. शिवाय शंभरच्या जागी १२०/८०-१७ टाकला तर टायरची उंची ६१२ मिलिमीटरवरून ६२४ वर जाते. दोन टक्के फरक. तेवढ्यानं वेग दाखवणारा काटा खरं बोलत नाही. टायर मडगार्डला किंवा चेनला घासू शकतो. रिम अरुंद असेल तर टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि त्याचा आकार बदलतो, गाडी वळणावर वेगळीच वागू लागते. पेट्रोल जास्त लागतं ते वेगळंच. कंपनीनं त्या रिमसाठी मान्य केलेलं दुसरं माप असेल तर जरूर घ्यावं. केवळ ऐटीसाठी घेऊ नये. भाच्यानं ऐकलं, आणि वाचलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट घेतलं.

काही जण म्हणतात, आमच्या गाडीला एबीएस आहे, आम्हाला टायरची काळजी नाही. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, ही चांगलीच गोष्ट. पण एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पकड तो निर्माण करत नाही. ती टायरनंच द्यायची असते. गोट्या टायरला एबीएस काय करणार?

आता ट्यूब की ट्यूबलेस? याचं उत्तर तुमच्या आवडीपेक्षा तुमची रिम देते. अलॉय चाकं असतील आणि त्यांवर ट्यूबलेसची खूण असेल, तर ट्यूबलेस. तारांची साधी रिम असेल तर ट्यूबचाच टायर. कारण तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. ट्यूबलेसचा मोठा फायदा असा की खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली तर हवा एका क्षणात जाऊ शकते. म्हणून ट्यूबचा नवा टायर घेताना ट्यूबही नवी घ्या, त्याच मापाची, आणि रिमवरची पट्टीही. शेरवानी नवी आणि आत बनियन फाटका, असं करू नये. ट्यूबलेसवाल्यांनी व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. आणि एक लक्षात ठेवा, टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर त्याचं पंक्चर काढायचं नसतं. तो टायर गेला.

नक्षीची निवड रस्त्यावरून करावी. शेतातून, बांधावरून रोज जाणाऱ्याला मोठ्या ठोकळ्यांचा, आपण बटन म्हणतो तो टायर उपयोगी. पण तोच टायर शहरातल्या ओल्या डांबरावर कमी पकडतो, कारण ठोकळ्यांच्या मधली जागा रस्त्याला टेकतच नाही. रोज हमरस्त्यानं कामाला जाणाऱ्यानं पाणी बाहेर काढणाऱ्या खाचांचा साधा रस्त्याचा टायर घ्यावा. रबरातही मऊ-कडक असा फरक असतो. मऊ रबर चांगलं धरतं, लवकर झिजतं. कडक रबर खूप चालतं, पण पावसात कमी धरतं. दुकानदाराला आपण पहिला प्रश्न विचारतो, किती किलोमीटर चालेल? दुसराही विचारावा, पावसात कसा आहे?

टायर हातात आला की दोन गोष्टी बघायच्या. एक, आयएसआय खूण. २००९ च्या सरकारी आदेशानं ती टायरना बंधनकारक केली. दुसरी, जन्मतारीख. भिंतीवर लांबलचक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर कमी भावात मिळतो, पण त्याचं आयुष्यही तेवढंच कमी झालेलं असतं. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतो, औषधाची बघतो. ही बघायला एक मिनिट लागतं.

आणि ज्या टायरला घ्यायचंच नाही, तोही सांगतो. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नव्या खाचा कापून देणारे लोक आहेत. वरून टायर नवा दिसतो. पण नक्षी कापली म्हणजे रबर वाढलं नाही, उलट उरलं होतं तेही कमी झालं. पात्याचा घाव आतल्या धाग्यांपर्यंत गेला तर टायर धावता धावता फुटतो. शे-दोनशे रुपयांत पावसाळा काढू म्हणणाऱ्यांची अडचण मला कळते. तरी हे नको.

अडचण म्हणजे पैसे. साध्या गाडीचा टायर दीड ते अडीच हजारांच्या घरात जातो. महिनाअखेरीला ही रक्कम छोटी नाही. आमच्या भागात एक दूधवाले होते, पहाटे चार वाजता दोन्ही बाजूंना कॅन लावून निघायचे. पुढचा टायर पार गुळगुळीत. कुणी सांगितलं की म्हणायचे, "पुढच्या बिलावर बघू." जूनमधल्या एका पहाटे वळणावर पुढचं चाक निसटलं. जीव वाचला, गळ्याचं हाड मोडलं. दीड महिना घरी. त्या दीड महिन्यात त्यांची निम्मी घरं दुसऱ्या दूधवाल्याकडे गेली, आणि गेलेलं गिऱ्हाईक टायरच्या दुकानात मिळत नाही. बरे झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय घेतलं, ते सांगायला नको. गरिबाला टायर महाग पडतो हे खरं, पण न बदललेला टायर गरिबालाच जास्त महाग पडतो. ज्याच्या घरी पगार एकाच दुचाकीवरून येतो, त्यानं महिन्याला शंभर रुपये टायरच्या नावानं बाजूला टाकावेत. दोन वर्षांत एक टायर उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल मागायला कचरू नका. टायरला दोष निघाला तर ते बिलच तुमच्या बाजूनं बोलतं.

बसवतानाही जरा उभं राहून बघा. भिंतीवर बाण असतो, चाक ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेला तो हवा. चाक बसवल्यावर फिरवून बघायला सांगा, डुलत असेल तर तसंच घरी आणू नका. आणि नवा टायर म्हणजे लगेच पळवायचा असं नाही. त्याच्या अंगावर कारखान्यातली गुळगुळीत कातडी असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, वळणावर गाडी फार न झुकवता, ब्रेक अचानक न दाबता चालवायची. नवं नातं असतं, थोडा वेळ द्यावा लागतो.

शेवटची गोष्ट हवेची. कुणी म्हणेल, हवा कमी ठेवली तर टेकणारी जागा वाढेल, मग पोस्टकार्डाऐवजी अंतर्देशीय पत्र होईल. जागा वाढते, पण त्याचा फायदा होत नाही. हवा कमी असली की टायरच्या भिंती सतत दुमडतात, तापतात, कडा झिजतात, गाडी डुलते. हवा जास्त झाली की टायर फक्त मधोमध टेकतो आणि खड्ड्यात उडतो. गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, एकट्यासाठी वेगळा, मागं माणूस असेल तर वेगळा. हवा टायर थंड असताना, सकाळी बघावी, आठवड्यातून एकदा. एवढं केलं तर टायर जास्त दिवस टिकतो.

श्रोतेहो, आज रविवार. जेवणाआधी पाच मिनिटं काढा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, चाक हातानं फिरवा आणि त्या खाचांतले उंचवटे शोधा. भेगा बघा, घुसलेला खडा किंवा खिळा बघा, चार आकडे वाचा. घरातल्या मुलांनाही बोलवा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते आणि आकडे शोधायला त्यांना मजा येते. टायर ठीक असेल तर छानच. नसेल तर पाऊस यायची वाट बघू नका, उद्या सकाळी दुकान उघडेल.

प्रवास सुखाचा होवो. खुदा हाफिज, नमस्कार.